भिंत काढली तर काय उरेल? ‘टेराफॉर्मिंग’ या शब्दाचा नेमका अर्थ

दिवाळीत जेवणं आटोपून सगळे बसलो होतो, तेव्हा आठवीतल्या भाच्यानं विचारलं, “मामा, टेराफॉर्मिंग म्हणजे मंगळावर घरं बांधणं ना?” मी तोंड उघडायच्या आत त्याची ताई म्हणाली, “अरे, टेराफॉर्म तर मी रोज ऑफिसात करते!” ती हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करते आणि ती खरंच सांगत होती. ‘टेराफॉर्म’ नावाचं एक साधन २०१४ मध्ये हॅशिकॉर्प या कंपनीनं आणलं. किती सर्व्हर हवेत, ते एकमेकांना कसे जोडायचे, हे फाईलमध्ये लिहून द्यायचं. साधन क्लाउडवर तशी रचना उभी करून देतं. पुण्या-बंगळुरातल्या हजारो मुलामुलींनी हा शब्द आधी कामात ऐकला आणि मंगळाशी त्याचं नातं त्यांना नंतर कळलं.

दोन्ही उत्तरं शब्दाच्या जवळ जातात, पण त्याच्या गाभ्याला लागत नाहीत. मंगळावर घर बांधणं म्हणजे टेराफॉर्मिंग नव्हे, मंगळावर शंभर घरं बांधणं म्हणजेही नव्हे. वर्तमानपत्रांत आणि व्हिडिओंमध्ये हा शब्द हल्ली इतका सैल वापरला जातो, की वाचणाऱ्याच्या मनात वेगवेगळ्या चार गोष्टींचा काला होतो. त्या सुट्या करून ठेवाव्यात म्हणून हे लिहितो आहे.

आधी शब्द फोडून पाहू. ‘टेरा’ म्हणजे लॅटिनमध्ये जमीन, माती, आणि आपली पृथ्वीसुद्धा. आपल्या ‘भू’सारखंच आहे हे: भूमापन म्हणताना जमीन, भूगोल म्हणताना अख्खी पृथ्वी. टेराकोटाची भांडी म्हणतो ना, त्यातला टेरा हाच. टेराकोटा म्हणजे भाजलेली माती. टेराबाइटमधला टेरा मात्र वेगळा, तो ग्रीक आणि त्याचा अर्थ अजस्र, राक्षसी असा. ‘फॉर्म’ म्हणजे आकार देणं, घडवणं. दोन्ही जोडले की अर्थ होतो पृथ्वीसारखं घडवणं.

हा जोडशब्द प्रयोगशाळेत जन्मला नाही. जॅक विल्यमसन या अमेरिकन विज्ञानकथाकारानं तो पहिल्यांदा छापला, जुलै १९४२ मध्ये, ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकातल्या ‘कोलिजन ऑर्बिट’ नावाच्या कथेत. त्या कथेवर नाव होतं विल स्टुअर्ट, हे त्याचं टोपणनाव. कथेतले अभियंते लघुग्रहांना कृत्रिम गुरुत्व देतात आणि मग त्यांच्याभोवती हवा धरून ठेवतात. विल्यमसनचं घराणं १९१५ मध्ये छपराच्या बैलगाडीसारख्या गाड्यांतून न्यू मेक्सिकोच्या कोरड्या माळावर राहायला आलं होतं, तेव्हा तो सात वर्षांचा होता. ओसाड जागेतून राहण्याजोगी जागा काढायला किती हाडं झिजतात, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. शब्दाची वीण त्यातूनच झाली असं मी म्हणणार नाही, पण हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

पुढे वीसेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी कल्पना गंभीरपणे हातात घेतली. कार्ल सेगन यांनी १९६१ मध्ये ‘सायन्स’मध्ये शुक्रावरच्या लेखात, तिथल्या ढगांत शेवाळ सोडावं असं सुचवलं, आणि १९७३ मध्ये मंगळाबद्दल असाच लेख लिहिला. त्या लेखाच्या शीर्षकात त्यांनी वापरलेला शब्द होता ‘ग्रहीय अभियांत्रिकी’. १९७६ मध्ये नासाच्या एम्स केंद्रानं मंगळाच्या वासयोग्यतेवर अहवाल काढला, त्यात शब्द होता ‘परिसंस्था-संश्लेषण’. म्हणजे शास्त्रज्ञ बराच काळ कथेतल्या शब्दाला बिचकत होते. पण असे शब्द लोकांच्या तोंडी बसत नाहीत. टेराफॉर्मिंग बसला, आणि १९९० च्या दशकापर्यंत तो शोधनिबंधांतही रुळला.

भिंतीची कसोटी

या शब्दाची पारख करायला मी एकच प्रश्न वापरतो आणि तोच भाच्याला दिला: भिंत काढली तर काय होईल?

मंगळावर एक घुमट आहे असं समजू. आत हवा, ऊब, पालेभाज्या, माणसं. घुमटाला तडा गेला की हवा बाहेर पडते, पाणी उकळून उडून जातं आणि सगळं थिजतं. ग्रह होता तसाच आहे, आपण फक्त त्याच्या आत एक डबी ठेवली होती. याला वसाहत म्हणा, तळ म्हणा, ठाणं म्हणा. टेराफॉर्मिंग म्हणायचं तर घुमट नसताना, अंतराळपोशाख नसताना, माणसाला उघड्यावर उभं राहून श्वास घेता आला पाहिजे. आणि ती स्थिती ग्रहानं स्वतः टिकवायला हवी. पाऊस, वारा, माती, झाडं, जिवाणू यांचं चक्र आपापलं फिरत राहायला हवं. डबी सांभाळणं माणसाचं काम. टेराफॉर्म झालेला ग्रह स्वतःला सांभाळतो.

गोव्यातल्या खाजन जमिनी पाहिलेल्यांना हा फरक चटकन कळेल. खाडीच्या खाऱ्या पाण्यातून बांध घालून शेत काढलेलं असतं आणि भरती-ओहोटीप्रमाणे मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, उघडझाप करून खारं पाणी बाहेर ठेवायचं असतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते सांभाळलं, म्हणून ती शेती आहे. बांधाला मोठं भगदाड पडलं आणि दुर्लक्ष झालं, की खाडी आपली जागा परत घेते. समुद्र तिथे बदललेला नाही, त्याला अडवलेलं आहे. मंगळावरचा घुमट म्हणजे आकाशातलं खाजन. त्यात कमीपणा काहीच नाही, उलट माणसाला जमण्यासारखं तेवढंच आहे. फक्त त्याचं नाव वेगळं.

या दोन टोकांच्या मधे आणखी काही शब्द आहेत आणि खरी गंमत तिथे आहे.

कॅनडातले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट हेन्स यांनी ‘इकोपोएसिस’ हा शब्द घडवला. ‘ऑइकॉस’ म्हणजे ग्रीकमध्ये घर आणि ‘पोएसिस’ म्हणजे निर्मिती. घराची निर्मिती, पण कोणासाठी? जिवाणूंसाठी, शेवाळासाठी, फार तर दगडफुलासाठी. निर्जीव ग्रहावर ऑक्सिजन नसतानाही तग धरतील असे जीव रुजवायचे आणि त्यांची साखळी स्वतःच्या बळावर चालू द्यायची. भिंतीच्या कसोटीवर इकोपोएसिस उत्तीर्ण होतं, कारण तिथे भिंत नाहीच. पण माणूस तिथे मास्क लावल्याशिवाय श्वास घेऊ शकणार नाही. म्हणून हा टेराफॉर्मिंगचा पहिला टप्पा, आणि कदाचित शेवटचाही.

दुसरा मधला शब्द ‘पॅराटेराफॉर्मिंग’. यात अख्ख्या ग्रहाला हात न लावता मोठा प्रदेश छपराखाली घ्यायचा, अगदी डोंगर-दऱ्यांसकट, आणि छप्पर हळूहळू पुढे वाढवत न्यायचं. हे खाजनच, पण तालुक्याएवढं. २०१९ मध्ये रॉबिन वर्ड्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सिलिका एअरोजेलचा दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर मंगळावर पसरला, तर तो उजेड आत येऊ देतो, घातक अतिनील किरण अडवतो आणि खालच्या जमिनीचं तापमान पन्नासेक अंशांनी वाढवून बर्फ वितळत ठेवू शकतो. एअरोजेल म्हणजे जवळजवळ सगळी हवाच असलेला, काचेच्या जातीचा अतिहलका पदार्थ. मला हा प्रस्ताव सगळ्यांत समंजस वाटतो. त्यात ग्रह जिंकायची भाषा नाही, एका वाफ्याची भाषा आहे.

तिसरी वाट अगदी उलटी: ग्रह बदलण्याऐवजी त्या ग्रहाला मानवेल असा माणूसच घडवायचा. विज्ञानकथांत तिला ‘पँट्रॉपी’ म्हणतात. आज ती कथांपुरतीच आहे, म्हणून पुढे जातो.

बातम्यांत या साऱ्यांत भर पडते ती तिथल्याच कच्च्या मालातून काहीतरी बनवण्याच्या यंत्रांची. नासाच्या मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या ‘मॉक्सी’ या यंत्रानं २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन काढला. दुसऱ्या ग्रहावर असं पहिल्यांदाच झालं. काही ठिकाणी मथळे आले की टेराफॉर्मिंग सुरू झालं. मॉक्सीनं सगळ्या फेऱ्या मिळून काढलेला ऑक्सिजन १२२ ग्रॅम. एका माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम लागतो, म्हणजे ही सारी कमाई साडेतीन तासांच्या श्वासाची. यंत्र अप्रतिम आहे आणि परतीच्या अग्निबाणाचं इंधन जाळायला असाच ऑक्सिजन लागणार आहे. पण त्यानं मंगळाची हवा बदलली नाही, बाटली भरली.

मंगळच का, आणि गाडं कुठे अडतं

मंगळाचा दिवस चोवीस तास आणि वर चाळीस मिनिटांहून थोडा कमी. ऋतू आहेत, ध्रुवांवर बर्फ आहे, कोरड्या नद्यांची पात्रं आहेत. जमीन बरीचशी बेसाल्टची, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्या जातीची. म्हणूनच बुलढाण्यातलं लोणार, बेसाल्टमध्ये उल्केच्या आघातानं झालेलं विवर, मंगळाच्या अभ्यासकांना महत्त्वाचं वाटतं. मंगळ एके काळी ओला होता हे आता पक्कं आहे, आणि ‘एके काळी होता तर पुन्हा का नाही’ हाच टेराफॉर्मिंगच्या आशेचा मूळ धागा आहे.

आता अडचण. मंगळावर हवेचा दाब सरासरी सहा मिलिबार, आपल्याकडे समुद्रसपाटीला हजारावर. पृथ्वीवर साधारण १९ किलोमीटर उंचीवर दाब इतका उतरतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागतं. मंगळाचा दाब त्याच्याही दहावा हिस्सा. सरासरी तापमान उणे साठच्या आसपास. सूर्यप्रकाश आपल्या ४३ टक्के. मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, २००८ मध्ये फिनिक्स यानानं ते शोधले. माणसाच्या थायरॉइडला ते अपायकारक.

तेव्हा पहिलं काम हवा दाट आणि गरम करण्याचं. जुनी युक्ती अशी: ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड थोडा वितळवा, तो हवेत गेला की ऊब धरून ठेवेल, त्या उबेनं आणखी वितळेल, आणखी ऊब. एकदा चाक फिरलं की आपोआप फिरत राहील. ढकल कशानं द्यायची यावर मतं अनेक. कोणी कक्षेत प्रचंड आरसे सुचवले, कोणी काळी भुकटी पसरायला सांगितली, कोणी फ्रिजमध्ये पूर्वी वापरत त्या जातीचे, पण ओझोनला इजा न करणारे वायू कारखान्यांत बनवायला सांगितलं. २०१५ मध्ये एलॉन मस्क यांनी दूरचित्रवाणीवर ध्रुवांवर अणुस्फोट करण्याचा उल्लेख केला आणि शब्द घरोघरी गेला.

२०१८ मध्ये ब्रूस जकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स यांनी सरळ हिशेब मांडला: फिरायला चाकाजवळ वंगण आहे तरी किती? जकोस्की हे तेव्हा मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मेव्हन’ यानाच्या मोहिमेचे प्रमुख होते. मंगळाची हवा अवकाशात कशी निसटली हे त्याच यानानं मोजलं. दोन्ही ध्रुवांवरचा सगळा कार्बन डायऑक्साइड मोकळा केला तर दाब दुप्पट होईल, म्हणजे पृथ्वीच्या जेमतेम सव्वा टक्का. मातीच्या कणांना चिकटलेला वायूही धरून, सहज हाती येईल एवढा साठा वीसेक मिलिबारचा. त्यानं तापमान दहा अंशही वाढत नाही. हवी आहे साठेक अंशांची वाढ, आणि त्यासाठी लागणारा दाब हजार मिलिबारच्या घरातला. उरलेला कार्बन डायऑक्साइड बराचसा अवकाशात गेला आहे, काही खोल खडकात बांधला गेला आहे. आजच्या तंत्रानं मंगळ टेराफॉर्म होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो वाचून अनेकांची मनं खट्टू झाली. मला मात्र बरं वाटलं, कारण इतक्या मोठ्या स्वप्नाला कोणीतरी वजनकाट्यावर ठेवलं.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण चर्चा सुरू झाली की तो हमखास निघतो. मंगळाला जागतिक चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून भरलेली हवा लगेच उडून जाईल असं सांगितलं जातं. हवा निसटते हे खरं, पण सध्याचा वेग सेकंदाला काही किलोंचाच आहे. अब्जावधी वर्षांच्या गळतीनं ग्रह ओसाड झाला; माणसाच्या इतिहासाच्या मापानं आजचा वेग नगण्य आहे. गळती ही अडचण नाही. टाकीत भरायला पाणीच नाही, ही अडचण आहे.

२०२४ मध्ये गोष्टीला नवं वळण मिळालं. समानेह अन्सारी, एडविन काइट आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की वायूच्या मागे लागूच नका. मंगळाच्या धुळीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर आहे. त्यांच्या चमकीच्या कणांएवढ्या बारीक सळया बनवून हवेत सतत सोडल्या, तर त्या बाहेर पडणारी उष्णता अडवतात आणि ग्रह तीसएक अंशांनी तापू शकतो. आधीच्या वायूंच्या योजनांपेक्षा ही युक्ती पाच हजार पटींहून अधिक परिणामकारक असल्याचा त्यांचा हिशेब आहे. जगभर मथळे झाले: मंगळ टेराफॉर्म करण्याचा स्वस्त मार्ग सापडला. निबंध काय म्हणतो? काही महिन्यांत ऊब वाढू लागेल, बर्फ आहे तिथे पाणी वाहू शकेल, जिवाणूंना जगण्याजोगं काही उरेल. श्वास घेता येईल असं त्यात कुठेही नाही, आणि कण सोडणं थांबवलं की काही वर्षांत मंगळ पुन्हा थंड होईल. म्हणजे हे इकोपोएसिसच्या उंबरठ्यापर्यंतचं काम, तेही सतत रतीब घालावा लागणारं. शब्द नेमका असता तर मथळाही नेमका झाला असता.

आता श्वासाचं. क्रिस्टोफर मकाय, ब्रायन टून आणि जेम्स कास्टिंग यांनी १९९१ मध्ये ‘नेचर’मध्ये मंगळ वासयोग्य करण्यावर लेख लिहिला. मकाय यांचा अंदाज असा की मालमसाला पुरेसा असेल तर ग्रह गरम करणं शतकभराचं काम. पण झाडाझुडपांकरवी ऑक्सिजन तयार करायचा तर साधारण एक लाख वर्षं. एक शतक आणि एक लाख वर्षं, या दोन आकड्यांमधली दरी हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी डोळ्यांसमोर आणावी. लाख वर्षांपूर्वी माणूस दगडी हत्यारं घेऊन फिरत होता.

शुक्राचं थोडक्यात सांगतो. १९६१ मध्ये सेगन यांनी शेवाळ सुचवलं, तेव्हा तिथली हवा किती दाट आहे हे माहीत नव्हतं. नंतर यानं गेली आणि कळलं: दाब पृथ्वीच्या नव्वदपट, तापमान साडेचारशे अंशांच्या वर. तिथला सगळा कार्बन डायऑक्साइड फोडला तर जमिनीवर शंभर मीटरहून जाड कार्बनचा थर साचेल आणि वर साठपटींहून अधिक दाबाचा जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन. एक ठिणगी पुरे. सेगन यांनी स्वतःच नंतर आपली योजना चालणार नाही असं मोकळेपणानं लिहिलं.

‘राहण्यायोग्य’ म्हणजे कोणाला?

घोळ वाढवणारा आणखी एक शब्द आहे आणि त्याचा दोष भाषांतराकडे जातो. २०१७ च्या फेब्रुवारीत ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढे सात ग्रह असल्याचं जाहीर झालं. आपल्यापासून ते ४० प्रकाशवर्षांच्या आसपास. त्यांतले तीन ‘वासयोग्य पट्ट्यात’ आहेत असं खगोलशास्त्रज्ञ म्हणाले. आपल्याकडे बातमी आली: माणसाला राहण्यायोग्य तीन ग्रह सापडले. वासयोग्य पट्टा म्हणजे ताऱ्यापासूनचं असं अंतर, जिथे योग्य हवा असेल तर पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकेल. बस्स, एवढंच. हवा आहे का, कुठली आहे, यातलं काहीही त्यात सांगितलेलं नसतं. ‘वास’ कोणाचा, हे विचारल्याशिवाय वासयोग्य शब्द पुढे नेऊ नये. जिवाणूला वासयोग्य, दगडफुलाला वासयोग्य आणि माणसाला वासयोग्य या तीन वेगळ्या जागा आहेत.

आपल्याच ग्रहाचं उदाहरण घ्या. जवळजवळ अडीच अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीच्या हवेत मोकळा ऑक्सिजन नव्हताच म्हटलं तरी चालेल. नीलहरित जिवाणूंनी तो ओतायला सुरुवात केली आणि त्या काळच्या अनेक जीवांना तो विषासारखा ठरला. तेव्हाची पृथ्वी जीवांनी गजबजलेली होती आणि माणसाला क्षणभरही मानवली नसती. काही लेखक म्हणतात, पृथ्वीचं पहिलं टेराफॉर्मिंग जिवाणूंनी केलं. उपमा म्हणून सुंदर आहे. शब्दाचा वापर म्हणून मला पटत नाही, कारण या शब्दात हेतू गृहीत आहे. जिवाणूंना काही घडवायचं नव्हतं, ते जगत होते.

हेतू असलेलं उदाहरण हवं तर दक्षिण अटलांटिक महासागरातल्या असेन्शन बेटाकडे पाहावं. चार्ल्स डार्विन १८३६ मध्ये तिथे उतरला तेव्हा ते ज्वालामुखीचं बोडकं बेट होतं. त्याचा मित्र, वनस्पतीतज्ज्ञ जोसेफ हुकर, १८४३ मध्ये तिथे गेला आणि त्यानं योजना आखली: डोंगरमाथ्यावर झाडं लावली तर ती धुकं अडवतील, पाणी मुरेल, माती बनेल. १८५० पासून ब्रिटिश नौदलानं वर्षामागून वर्ष रोपं नेली. आज साडेआठशे मीटरांच्या ग्रीन माउंटनवर दाट ढगाळ जंगल आहे, बांबू, निलगिरी, केळी आणि जगभरातून आलेली झाडं एकमेकांत गुंतलेली. मंगळाचे अभ्यासक या बेटाचं नाव घेतात, कारण वेगवेगळ्या देशांतून आणलेल्या झाडांची परिसंस्था तिथे काही दशकांत उभी राहिली. भिंतीच्या कसोटीवर असेन्शन उतरतं. पण हवा, दाब, समुद्र तिथे आयतेच होते, आणि मूळच्या काही नेच्यांची जागा त्या पाहुण्या झाडांनी घेतली, हेही त्याच गोष्टीत आहे.

इथून शब्दाचा एक गंभीर वापर सुरू होतो. अमिताव घोष यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात ‘टेराफॉर्मिंग’ हा शब्द युरोपीय वसाहतवाद्यांनी अमेरिका खंडात केलेल्या उलथापालथीसाठी वापरला. तिथली जंगलं, नद्या, गुरं, शेतं बदलून भूभाग युरोपसारखा करायचा, म्हणजे तिथल्या मूळ माणसांचं जगणंच उखडलं जाईल. विल्यमसनच्या शब्दात जागा रिकामी होती. घोष दाखवतात की माणसांनी ‘रिकामी’ म्हटलेली जागा बहुतेक वेळा रिकामी नव्हती. व्याख्येच्या काटेकोर मापानं हा लक्ष्यार्थ आहे, तरी मी तो चुकीचा म्हणणार नाही. वातावरणात कण फवारून पृथ्वी थंड करण्याच्या योजनांना मात्र टेराफॉर्मिंग म्हणू नये. पृथ्वीला पृथ्वीसारखं करणं ही मुळातच गुंतागुंतीची भाषा; त्यासाठी भूअभियांत्रिकी हा शब्द आहे.

मराठीत काय म्हणावं?

बोलताना आपण ‘टेराफॉर्मिंग’च म्हणणार, आणि त्यात वावगं काही नाही. शब्द मराठीत नपुंसकलिंगी बसला आहे: मंगळाचं टेराफॉर्मिंग, ट्रेनिंगसारखं, मीटिंगसारखा तो ‘ती’ झाला नाही. क्रियापद ‘टेराफॉर्म करणं’. पण मराठी शब्द घडवायचाच तर ‘पृथ्वीकरण’ माझ्या पसंतीचा.

कारण व्याकरणात आहे. शुद्धीकरण, भस्मीकरण, सुलभीकरण या शब्दांत मधे येणारा ‘ई’ उगाच आलेला नाही. संस्कृत व्याकरणात तो च्वि प्रत्ययाचा, आणि त्याचा अर्थ सांगितला आहे ‘अभूततद्भाव’: जे आधी तसं नव्हतं, ते तसं होणं. शुद्धीकरण करायचं तर वस्तू आधी अशुद्ध असली पाहिजे. पृथ्वीकरण म्हटलं की दोन्ही गोष्टी आपसूक येतात, हा ग्रह पृथ्वी नव्हता आणि तो पृथ्वीसारखा केला गेला. लॅटिन जोडशब्दात यातली पहिली गोष्ट नाही, आपल्या प्रत्ययात आहे. ‘वसुंधरीकरण’ही चालेल; वसु धारण करणारी ती वसुंधरा, त्यामुळे त्यात समृद्धीची छटा येते. ‘भूसदृशीकरण’ अर्थानं सर्वांत काटेकोर, पण ते कोणी दोनदा उच्चारणार नाही. इकोपोएसिसला ‘जीवरुजवण’ म्हणून पाहावं असं मला वाटतं. रुजवण म्हटलं की मातीशी नातं येतं आणि माणसाच्या श्वासाचं वचन त्यात नसतं.

आणि मंगळाला आपण पूर्वीपासून ‘भौम’ म्हणतो, भूमीचा मुलगा. नाव देणाऱ्यांच्या मनात ज्योतिष होतं, बेसाल्ट नव्हता. तरीही ५ नोव्हेंबर २०१३ ला मंगळयान निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला त्याच्याभोवती फिरू लागलं, तेव्हा मला हेच नाव आठवत होतं.

भौमाचं पृथ्वीकरण करायचा हक्क कोणाचा, हा प्रश्न कायद्यानं अर्धाच सोडवला आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारात भारतही आहे. त्यातलं नववं कलम सांगतं की इतर खगोलांचं अपायकारक प्रदूषण टाळा. टेराफॉर्मिंग हा शब्द त्या करारात नाही. पण मंगळाच्या खडकाखाली एक जरी जिवाणू तग धरून असेल, तर आपलं शेवाळ तिथे सोडणं हे त्याच्या घरात घुसणं ठरेल. म्हणून उतरणारी यानं निर्जंतुक करून पाठवतात. आधी पुरेसं शोधावं आणि मग रुजवावं, या मताचा मी आहे. शोधायला अजून कितीतरी बाकी आहे.

भाच्याला हे सगळं सांगून झालं तेव्हा त्यानं विचारलं, “पण मामा, समजा झालंच, तर मंगळ अगदी आपल्यासारखा दिसेल?” नाही, गुरुत्व तसंच राहील, आपल्या ३८ टक्के. पन्नास किलोच्या मुलाला तिथे आपण एकोणीस किलोचे वाटू, आणि पाऊस पडलाच तर थेंब सावकाश उतरतील. आकाशाचा रंग मात्र पालटेल. आज तिथे दिवसा आकाश तांबूस-पिवळट असतं आणि बारीक धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळी आभा दिसते. १५ एप्रिल २०१५ ला क्युरिऑसिटी गाडीनं गेल विवरातून असा सूर्यास्त रंगीत टिपला होता. हवा दाट झाली, पावसानं धूळ बसली, की दिवसाचं आकाश निळं होईल आणि सूर्यास्त आपल्यासारखा तांबडा. त्यानं फोनवर तो फोटो शोधून काढला आणि बराच वेळ पाहत राहिला.